बिनचालकाचा ट्रक

१९८३ साली जपानमधल्या दुकानांत ‘बॅटल कॉन्व्हॉय’ नावाचं एक खेळणं विकायला आलं. लाल केबिनचा, सपाट नाकाचा, अमेरिकी धाटणीचा ट्रक आणि मागे करड्या रंगाचा लांबलचक ट्रेलर. हा ट्रक उलगडला की त्याचा रोबो व्हायचा. रोबोच्या छातीची काच उघडली की आत माणसाला बसायला जागा असायची. माणूस म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा प्लॅस्टिकचा बाहुला. त्याच्या पावलांत इवलेसे लोहचुंबक असत, त्यामुळे धातूच्या भागावर तो न पडता उभा राहायचा. रोबो कितीही थोराड असला तरी हुकूम चालायचा तो या बोटाच्या पेराएवढ्या चालकाचा. रोबोला स्वतःचं मन नव्हतं, मत नव्हतं, भीती नव्हती. क्रेनला असतं तेवढंच व्यक्तिमत्त्व त्याला होतं.

पुढच्याच वर्षी त्याच साच्यातून निघालेलं हेच खेळणं अमेरिकेत गेलं. खोक्यात चालक नव्हता. छातीतली जागा मात्र तशीच राहिली, कारण साचा बदलायचा तर खर्च येतो. खोक्यावर नवं नाव होतं: ऑप्टिमस प्राइम.

मराठी घरांतल्या बहुतेकांची या नावाशी ओळख झाली ती २००७ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटामुळे. त्यामुळे हा एखाद्या हॉलिवूडच्या लेखकाच्या कल्पनेतला नायक असावा असा समज होणं साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याला कुणी एका माणसाने निर्माण केलंच नाही. आधी खेळणं आलं, मग चालक काढून टाकला गेला, आणि मग त्या रिकाम्या जागेत काय भरायचं याची कामं वेगवेगळ्या लोकांना वाटून दिली गेली. प्रत्येकाने आपापलं पगारी काम केलं. तरीही जे उभं राहिलं ते इतकं जिवंत निघालं की त्याच्या मालक कंपनीलाच त्याचा अंदाज आला नाही. मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतं ते हेच.

हे खेळणं जपानहून अमेरिकेला गेलं असं म्हणताना एक गोष्ट निसटते. त्याचं मूळ अमेरिकेतच होतं. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलांसाठीच्या बाहुलीला ‘बाहुली’ म्हणायचं नाही एवढी काळजी घेऊन विकलेली ती बाहुलीच होती. टोकियोच्या ताकारा कंपनीने तिचा परवाना घेऊन ती जपानात विकली. पण दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या देशातल्या मुलांना अमेरिकी सैनिकाचं किती कौतुक असणार? ताकाराच्या लोकांनी १९७२ मध्ये त्याच शरीराला पारदर्शक कातडी चढवली, आत यंत्रं दाखवली आणि त्याला सायबोर्ग करून टाकलं. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. प्लॅस्टिक तेलापासूनच होतं, त्यामुळे ३० सेंटिमीटरचा बाहुला परवडेना. ताकाराने तो आकसून दहा सेंटिमीटरवर आणला आणि १९७४ मध्ये ‘मायक्रोमॅन’ ही मालिका सुरू केली. १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ आली, त्यात माणूस आणखी लहान झाला आणि यंत्रं मोठी झाली. माणूस लहान झाला की त्याच्या मानाने वाहनं अवाढव्य दिसतात, आणि पैसे मिळतात ते वाहनांचे, हे गणित ताकाराला उमगलं होतं.

डायाक्लोनच्या कथेत किड्यांसारखे वारुडर नावाचे शत्रू पृथ्वीवर चाल करून येतात आणि चालक आपापल्या यंत्रांत बसून त्यांच्याशी लढतात. १९८२ पासून ही यंत्रं खऱ्याखुऱ्या गाड्यांच्या रूपात येऊ लागली, हुबेहूब, रबरी टायर आणि ओतीव धातूचे भाग असलेली. बॅटल कॉन्व्हॉय त्यांतलाच. १९८३ मध्ये ताकाराने मायक्रोमॅनच्याच मालिकेत आणखी एक शाखा काढली. तिच्यातले रोबो घरातल्या वस्तूंच्या आकारात दडायचे: कॅसेट प्लेअर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल. आकारही खऱ्या वस्तूएवढा. या दोन शाखांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एकीत ट्रक तळहातावर मावेल एवढा, दुसरीत पिस्तूल खऱ्या पिस्तुलाएवढं.

इथे हेन्री ओरेनस्टाइन या माणसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९२३ मध्ये पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू तरुण नाझींच्या पाच छळछावण्यांतून जिवंत सुटला. छावणीत शास्त्रज्ञ हवेत अशी घोषणा झाली तेव्हा त्याने, शास्त्राचा गंध नसताना, आपलं आणि भावांचं नाव देऊन टाकलं होतं. युद्धानंतर तो अमेरिकेत आला आणि त्याने ‘टॉपर’ ही खेळण्यांची कंपनी काढली. १९६९ मध्ये तिने ‘जॉनी लायटनिंग’ नावाच्या छोट्या गाड्या काढल्या. त्यांची टक्कर होती मॅटेल कंपनीच्या ‘हॉट व्हील्स’शी. त्याच वर्षी एबीसी वाहिनीवर हॉट व्हील्सच्या नावाचा कार्टून कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा टॉपरने सरकारी प्रसारण आयोगाकडे तक्रार केली की हा कार्यक्रम नाहीच, अर्ध्या तासाची जाहिरात आहे. आयोगाने तक्रार उचलून धरली. खेळण्यावर बेतलेल्या कार्टूनला अमेरिकी टीव्हीवर बरीच वर्षं जो अटकाव होता, त्यामागे हे प्रकरण होतं.

टॉपर पुढे बुडाली. ओरेनस्टाइन स्वतंत्रपणे खेळण्यांच्या कल्पना विकू लागला. ताकाराच्या या रूप बदलणाऱ्या खेळण्यांवर नजर पडताच तो हॅस्ब्रोच्या मागे लागला: ही घ्या. ताकाराने स्वतः ही खेळणी अमेरिकेत ‘डायाक्रॉन’ नावाने विकून पाहिली होती, पण ती फारशी चालली नव्हती. ओरेनस्टाइनचं म्हणणं पडलं की वस्तू उत्तम आहे, कमी आहे ती मागे उभ्या राहणाऱ्या मोठ्या मोहिमेची. हॅस्ब्रोने ऐकलं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात प्रसारण आयोगाचं अध्यक्षपद मार्क फाउलर यांच्याकडे होतं. टीव्ही म्हणजे चित्रं दाखवणारा टोस्टर, एरवी त्यात विशेष काही नाही, असं मानणारा हा गृहस्थ होता. १९८४ पर्यंत जाहिरातींवरचे जुने निर्बंध गुंडाळले गेले होते आणि खेळण्यावर कार्टून काढायला कुणाची आडकाठी उरली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी ज्या दाराला ओरेनस्टाइनच्या कंपनीनेच कुलूप लावायला लावलं होतं, त्याच दारातून आता त्याने सुचवलेला माल आत चालला होता.

हॅस्ब्रोसमोर अडचण होती ती या मालाला एका धाग्यात ओवायची. ट्रक लहान, पिस्तूल मोठं. एकीकडे चालक बसतो, दुसरीकडे बसायला जागाच नाही. पिस्तुलात चालक बसवणार कुठे? तेव्हा चालक सरसकट काढून टाकायचा आणि रोबो स्वतःच जिवंत आहेत असं सांगायचं, हा मार्ग निघाला. ते परग्रहावरून आले आहेत, पृथ्वीवर लपण्यासाठी इथल्या वस्तूंची रूपं घेतात. ट्रकच्या आत कुणी नाही, ट्रकच ‘कुणीतरी’ आहे.

जपानी परंपरेत हा बदल साधा नव्हता. मित्सुतेरू योकोयामा यांच्या १९५६ च्या ‘तेत्सुजिन २८’ मधला अजस्र रोबो एका मुलाच्या हातातल्या रिमोटवर चालायचा. गो नागाई यांच्या १९७२ च्या ‘माझिंगर झेड’मध्ये नायक स्वतः रोबोच्या डोक्यात जाऊन बसायचा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ पाहिलेल्यांना मनगटावरच्या घड्याळात तोंड घालून हुकूम सोडणारा तो मुलगा आठवत असेल. तो रोबोही मूळचा योकोयामा यांचाच. ओसामू तेझुका यांचा ‘तेत्सुवान आटोम’ म्हणजे ॲस्ट्रो बॉय हा स्वतःच्या मनाचा, हे खरं, पण तो होता मुलाच्या रूपात. खांद्यावर धुराडी असलेला, छातीत गाडीची काच असलेला, उघडउघड यंत्र दिसणारा आणि तरीही कुणाच्या हुकमाखाली नसलेला रोबो ही नवी गोष्ट होती. ती एखाद्या तत्त्वचिंतनातून आली नाही, दोन न जुळणारे माल एकत्र विकायचे होते म्हणून आली.

आता या यंत्रांना नावं हवी होती, स्वभाव हवे होते. काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. मुख्य संपादक जिम शूटर यांनी सायबरट्रॉन हा ग्रह, ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन हे दोन पक्ष आणि त्यांच्यातलं युद्ध एवढा आराखडा लिहून दिला. व्यक्तिरेखा लिहायला डेनी ओनील हे मुरलेले लेखक बसले. हॅस्ब्रोला त्यांचं काम पसंत पडलं नाही, पण त्यांनी ठेवलेलं एक नाव टिकलं, ते ऑप्टिमस प्राइम. उरलेलं काम बॉब बुडियान्स्की या तरुण संपादकाच्या गळ्यात पडलं. शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसून त्यांनी डझनावारी रोबोंना नावं दिली आणि प्रत्येकाचा स्वभाव चार ओळींत मांडला. खलनायकाचं ‘मेगाट्रॉन’ हे नाव हॅस्ब्रोला भीतिदायक वाटलं, त्यात अणुबॉम्बच्या मेगाटनांचा वास येत होता. खलनायक भीतिदायकच असायला हवा, असं बुडियान्स्की यांनी सांगितलं आणि नाव राहिलं.

खोक्याच्या मागे ही माहिती छापलेली असायची, आणि तिची मांडणी मोठी खुबीदार होती. ताकद, बुद्धी, वेग, चिवटपणा, पद, धैर्य, मारा आणि कौशल्य अशा आठ गुणांचा आलेख लाल रेघांच्या जाळीत दडवलेला असे. सोबत लाल पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी मिळायची. ती वर धरली की लाल रेघा विरून जायच्या आणि खालचा आलेख वर यायचा. ऑप्टिमस प्राइमला बहुतेक रकान्यांत दहापैकी दहा. फक्त वेग आणि मारा आठ. हे दोन आठ कुणाच्या हातून आले कोण जाणे, पण ते अचूक आहेत. सगळीकडे दहा असता तर तो देव झाला असता. ट्रकसारखा ट्रक थोडा हळू पळणारच, आणि तोफखान्यात शत्रूहून दोन पावलं मागे असलेल्या सेनापतीला डोकं चालवावं लागतं. स्वभाववर्णनाच्या खाली प्रत्येकाचं एक ब्रीदवाक्य असे. याचं ब्रीद होतं स्वातंत्र्यावरचं: ज्याला ज्याला जाणीव आहे त्या प्रत्येकाचा तो हक्क आहे, अशा अर्थाचं. कालपर्यंत चालकाच्या हुकमात असलेल्या यंत्राच्या तोंडी हे वाक्य!

खेळणं हातात घेऊन उलगडून पाहिलं तर कारागिरीची जात कळते. आधी ट्रेलर सोडवायचा. ट्रकचा मागचा सांगाडा खाली ओढला की त्याचे दोन पाय होतात, मागची चाकं पोटऱ्यांच्या कडेला राहतात. केबिनच्या दोन्ही बाजू सुट्या होऊन हात बनतात. समोरची काच छातीवर येते, रेडिएटरची चकचकीत जाळी कमरेला. वरून डोकं निघतं. मुठी मात्र वेगळ्या मिळायच्या, त्या हाताने खुपसायच्या, आणि त्या हमखास हरवायच्या. आजही जुना ऑप्टिमस प्राइम विकायला निघाला की संग्राहकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुठी आहेत ना? ट्रेलर उघडला की त्याचा लढाऊ तळ होतो. त्यात एक यांत्रिक हात, क्षेपणास्त्रं आणि स्प्रिंगच्या झटक्याने बाहेर धावणारी ‘रोलर’ नावाची छोटी गाडी. ट्रेलरमध्येही चालकाची बैठक आहे, ती रिकामी.

या ट्रेलरने कार्टूनवाल्यांची भलतीच पंचाईत केली. खेळण्यात ट्रेलर बाजूला काढून ठेवता येतो, पडद्यावर काय करणार? १७ सप्टेंबर १९८४ ला मालिका सुरू झाली आणि तेव्हापासून ऑप्टिमस रोबो व्हायला लागला की ट्रेलर निमूटपणे चौकटीबाहेर घरंगळत जातो. पुन्हा ट्रक झाला की कुठूनतरी हजर. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. चाहत्यांनी यावर वर्षानुवर्षं डोकं खपवलं आहे.

दुसरी अडचण फायद्याची ठरली. खेळण्याच्या चेहऱ्यावर नाकाखाली धातूची पट्टी आहे, तोंड दिसतच नाही. कार्टूनसाठी फ्लोरो डेरी या चित्रकाराने खेळण्यांची गुंतागुंत काढून रोबोंना सोपी, बोलती रूपं दिली, पण ही पट्टी ठेवली. बोलताना ती नुसती हलते. हसू नाही, ओठ नाहीत, दातओठ खाणं नाही. मग भाव दाखवणार कसा? सगळा भार आवाजावर आला.

आवाज दिला पीटर कलन यांनी. मूळचे कॅनडातले, मॉन्ट्रियलचे. त्यांनी मुलाखतींत सांगितलेला प्रसंग असा: आवाजाच्या चाचणीला निघताना त्यांनी मोठा भाऊ लॅरी याला सांगितलं की एका ट्रकच्या भूमिकेसाठी चाललो आहे, नायक आहे म्हणे. लॅरी मरीन दलाचा अधिकारी होता, व्हिएतनाममध्ये लढून, जखमी होऊन परतलेला. त्याने धाकट्याला बजावलं की नायकच व्हायचं तर खरा हो, पडद्यावरच्या आरडाओरडा करणाऱ्या शूरांची नक्कल करू नको. बळकट माणसाला मवाळ राहता आलं पाहिजे. कलन चाचणीला गेले आणि भावाच्याच आवाजात बोलले. खालच्या पट्टीत, सावकाश, समोरचा ऐकतोच आहे अशा खात्रीने. मुलांच्या कार्टूनमध्ये तेव्हा असं कुणी बोलत नव्हतं. सगळे कर्कश किंचाळायचे. ऑप्टिमस प्राइम रणांगणातही बोलतो ते घरातलं वडीलधारं माणूस बोलावं तसं.

आता हिशेब मांडून पाहा. धड जपानी कारागिरांचं, नाव ओनील यांचं, स्वभाव बुडियान्स्की यांचा, रेखाटन डेरी यांचं, आवाज कलन यांचा आणि त्या आवाजातला धीर लॅरीचा. छातीतली जागा भरली होती. पहिल्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर्सची विक्री दहा कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. हॅस्ब्रोला जागा भरल्याचं दिसलं नाही, आकडा दिसला.

खेळण्याच्या धंद्याचा नियम सोपा आहे: दुकानातली फळी मर्यादित असते, नवा माल लावायचा तर जुना हटवावा लागतो. १९८४-८५ ची खेळणी विकून झाली होती. १९८६ साठी नवी, भविष्यातल्या वाहनांची खेळणी तयार होती. त्याच वर्षी चित्रपट काढायचं ठरलं होतं. मग चित्रपटातच जुन्यांना निरोप द्यावा म्हणजे कथाही पुढे सरकेल आणि फळीही मोकळी होईल, असा विचार झाला. पटकथेवर काम केलेल्या फ्लिंट डिल यांनी नंतर सांगितलं की आपण एक लाडकी व्यक्ती मारतो आहोत असं तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, जुनी उत्पादनं मागे घेतो आहोत एवढंच वाटत होतं. पटकथाकार रॉन फ्रीडमन यांनी मात्र विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, हा कुटुंबातला बाप आहे, याला मारू नका. ते मानलं गेलं नाही.

८ ऑगस्ट १९८६ ला ‘द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुरुवातीच्या अर्ध्या तासातच दोन वर्षं घराघरांत वावरलेले रोबो एकेक करून मारले जातात. काही तर एका झटक्यात, संवादाशिवाय. मग ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन यांची लढाई. ऑप्टिमस जिंकत आलेला असतो, तेवढ्यात हॉट रॉड हा उतावळा तरुण रोबो मध्ये पडतो. मेगाट्रॉन त्याला ढालीसारखा पुढे धरतो आणि गोळ्या झाडतो. नंतर आडव्या पडलेल्या ऑप्टिमसच्या छातीतून प्रकाशाचा एक गोळा निघतो, नेतृत्वाची खूण म्हणून पुढच्याच्या हाती द्यायचा. ही छाती तीच, चालकाची जागा असलेली. मग डोळे विझतात, आणि लाल-निळ्या अंगावरचा रंग उतरत जाऊन सगळं शरीर राखाडी होतं.

लहान मुलांच्या चित्रपटात मृत्यू नसतोच असं नाही. ‘बांबी’ या कार्टून चित्रपटात बांबीची आई १९४२ मध्येच गेली होती. पण बांबीची आई कुणाच्या घरात, उशीशेजारी ठेवलेली नव्हती. ऑप्टिमस होता. मुलं चित्रपटगृहांत हमसाहमशी रडली, काहींना आईबाप मध्येच उठवून बाहेर घेऊन गेले. हॅस्ब्रोकडे पत्रांचा ढीग लागला. चित्रपट आपटलाही, अमेरिकेत त्याला साठ लाख डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. जाता जाता, याच चित्रपटात ग्रह गिळणाऱ्या युनिक्रॉनला आवाज दिला आहे तो ‘सिटिझन केन’च्या ऑर्सन वेल्स यांनी. ते काम संपवून काही दिवसांतच, १० ऑक्टोबर १९८५ ला ते गेले. एका महान दिग्दर्शकाची शेवटच्या काळातली कामगिरी खेळण्याच्या चित्रपटातली, यावर अनेकांनी कपाळाला हात लावला आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आवाज अप्रतिम आहे.

हॅस्ब्रोने घाईघाईने सारवासारव केली. त्यांच्याच ‘जी. आय. जो’च्या चित्रपटात ड्यूक हा नायक मरणार होता. दृश्यं तशीच ठेवून वरून एक वाक्य घालण्यात आलं की तो बेशुद्धीत गेला आहे. पडद्यावर काय घडतंय ते मुलांना दिसत होतं, पण ऐकायला आलं ते वेगळं. ट्रान्सफॉर्मर्सच्या मालिकेत आधी ऑप्टिमसचं प्रेत शत्रूने हलवलेल्या कळसूत्री बाहुल्यासारखं परत आणलं गेलं, ज्याने मुलांची जखम आणखीच चिघळली असणार. शेवटी फेब्रुवारी १९८७ मध्ये दोन भागांची कथा दाखवून त्याला खराखुरा जिवंत करण्यात आला. कलन यांना यातलं फारसं काही ठाऊकच नव्हतं. चाहत्यांची पत्रं त्यांच्यापर्यंत पोचत नसत. आपला ट्रक इतका कुणाचा कुणीतरी झाला आहे हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळलं.

मार्व्हलच्या ट्रान्सफॉर्मर्स कॉमिकमधला मृत्यू याहून विलक्षण आहे, आणि माझ्या मते ऑप्टिमस प्राइम कळायचा तर तोच पाहावा. हॅस्ब्रोचा निरोप कॉमिकलाही होता की जुनी मंडळी हटवा. जानेवारी १९८७ चा म्हणून निघालेला २४वा अंक बुडियान्स्की यांनी लिहिला. ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन एका संगणकीय खेळात उतरतात. जो हरेल त्याचा नाश करायचा, अशी पैज. खेळाच्या आतल्या जगात छोटे छोटे निरपराध जीव आहेत. ऑप्टिमस जिंकतो, पण जिंकण्याच्या चालीत त्यांतले काही मरतात. ते खरे नाहीत, पडद्यावरच्या आकृत्या आहेत. ऑप्टिमसला हा युक्तिवाद पटत नाही. निरपराधांना इजा करून मिळालेला जय हा जय नव्हे, मी हरलो, पैजेप्रमाणे मला उडवा, असं तो सांगतो. आणि त्याला उडवतात. तो खेळ तयार करणारा माणूस त्याचं मन एका फ्लॉपी डिस्कवर उतरवून ठेवतो. लहानपणी हे वाचणाऱ्यांना ते हास्यास्पद वाटलं असेल, अनेकांना आजही वाटतं. पण ज्याचं ब्रीदच जाणीव असलेल्या प्रत्येकाच्या हक्काचं आहे, ज्याला स्वतःलाच कालपर्यंत निर्जीव समजलं जात होतं, तो ‘ते काय, नुसत्या आकृत्या’ असं कसं म्हणेल? माल हटवण्याच्या फर्मानातून बुडियान्स्की यांनी स्वभावाला धरून मरण काढलं. याला मी कारागिरी म्हणतो.

१९८८ मध्ये ऑप्टिमसचं नवं खेळणं आलं. या वेळी सोबत एक छोटा माणूस होता. तो दुमडला की ट्रकचं इंजिन व्हायचा. याच साच्याचं खेळणं जपानमध्ये निघालं तेव्हा तिथल्या मालिकेने थेट जुनं बिऱ्हाड परत मांडलं. तिथे त्याचं नाव गिन्राई. गिन्राई हा माणूस आहे, पेशाने ट्रकचालक. ट्रकचं धूड निर्जीव आहे, गिन्राई त्याच्याशी एकरूप झाला की ते उठतं. म्हणजे अमेरिकेने ज्याला उतरवलं होतं त्याला जपानने चार वर्षांत सन्मानाने पुन्हा आत बसवलं. तिथल्या मुलांना ते मुळीच चमत्कारिक वाटलं नसावं. रोबो म्हटला की आत माणूस असायचाच.

२००७ मध्ये मायकेल बे यांनी चित्रपट केला तेव्हा कलन यांना पुन्हा बोलावलं गेलं. ट्रक मात्र बदलला. सपाट नाकाच्या केबिनमधून पुरेसा उंच रोबो निघत नाही, वस्तुमान कुठून आणणार, म्हणून लांब नाकाचा पीटरबिल्ट ३७९ घेतला आणि वर ज्वाळा रंगवल्या. तोंडावरची पट्टी सरकती करून खाली ओठ दिले. जुने चाहते ज्वाळांवर चिडले, नाकावर चिडले, सगळ्यात जास्त ओठांवर. मला त्यांचं पटतं. ज्या आवाजासाठी चेहरा झाकलेला होता त्याला ओठांची जोड देणं म्हणजे रेडिओला तोंड काढण्यासारखं आहे. २०१८ च्या ‘बंबलबी’त सपाट नाक आणि पट्टी दोन्ही परतले.

२०२१ मध्ये रोबोसेन या कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने जो ऑप्टिमस प्राइम काढला त्याला हातही लावावा लागत नाही. पाच हजारांहून जास्त सुटे भाग, २७ सर्व्हो मोटारी. तोंडाने हुकूम दिला की तो कलन यांच्या आवाजात उत्तर देतो, आपला आपण उलगडतो, उभा राहतो, पुन्हा ट्रक होऊन जमिनीवर धावतो. मुठी हरवायची सोय नाही. बाजारात आला तेव्हा किंमत सातशे डॉलर होती, आणि त्यात ट्रेलर नव्हता. तो वेगळा विकत घ्यावा लागायचा.